तवाच सांगा लागते

माय, संगीताचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो 'बरं झालं'. तिकडे तुझी सून रडत होती आणि इकडे मी, चौदा वर्षं तुला तपासणारी डॉक्टर, 'बरं झालं' म्हणून मोकळी झाले. लगेच जीभ चावली. पण संगीता रडता रडताच म्हणाली, "हाव मॅडम, बरंच झालं. काई तरास नाई झाला मायले. जेवली, तक्क्याले टेकून बसली, अन् तशीच झोपली." दुपारचे अडीच-तीन वाजले असतील. मी ओपीडीत होते. समोरच्या पेशंटला 'आलेच' म्हणून बाहेर पडले आणि जिन्याखाली उभी राहून रडले. रडणं खरं होतं, पण त्यात दुःखापेक्षा सुटल्याचा भाग जास्त होता.

परवा पवनारला तुझ्या पुण्यानुमोदनाला आले होते. वंदना झाली, गावची माणसं बोलली, मग कुणीतरी म्हणालं, दवाखान्यातल्या मॅडम बोलतील. वर्गात तास तास बोलणारी मी, दोन वाक्यं बोलून खाली बसले. जे बोलायचं होतं ते मांडवातल्या लोकांना सांगण्यासारखं नव्हतं, तुला सांगण्यासारखं होतं. ते आता लिहिते.

मी कशातून सुटले ते आधी सांगते. लहानपणी आलेल्या तापानं तुझ्या हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. त्या चिंचोळ्या वाटेतून रक्त जाताना खर्जातला एक घरघर आवाज व्हायचा. डॉक्टरी शिकणाऱ्या पोरांना तो आवाज ओळखता येणं फार महत्त्वाचं, आणि तुझ्या छातीत तो जितका स्वच्छ ऐकू यायचा तितका मी आजवर कुठे ऐकला नाही. म्हणून दर वर्षी परीक्षेला आमचं कॉलेज तुला बोलवायचं. झडप मोकळी केली असती तर तुझा दम लागायचा थांबला असता, आणि तो आवाजही गेला असता. तू मात्र झडप कधी मोकळी करून घेतली नाहीस. का, हा प्रश्न माझ्या मनात ठुसठुसत राहिला. तू आमच्यासाठी तर आजारी राहिली नाहीस ना? आणि आम्ही आमच्या सोयीसाठी तुला राहू दिलं का? हा प्रश्न मी चौदा वर्षांत तुला विचारला नाही. विचारला तो अगदी शेवटी, आणि तोही माझ्या शहाणपणानं नाही.

आपली पहिली भेट परीक्षेतच झाली. मी कॉलेजात नवीनच लागले होते. केसपेपरवर 'शेवंताबाई, पवनार' असं नाव, खिडकीजवळचा पलंग, हिरवं लुगडं. पोरांना तू आधीच पाठ होतीस. 'खिडकीजवळची हिरव्या लुगड्याची माय, डावीकडची झडप' हा निरोप होस्टेलमध्ये आदल्या दिवशीच पोचलेला असायचा. पोरं यायची, छातीला स्टेथोस्कोप लावायची, ऐकल्यासारखा चेहरा करायची आणि घोकलेलं म्हणून दाखवायची. सगळी पास झाली. मी खूश. जाताना उगाच, काहीतरी बोलायचं म्हणून तुला विचारलं, "कशी होती हो मुलं?"

तू पदर सारखा करत म्हणालीस, "दोघाईनंच आइकलं. बाकीच्याईनं नुसतं लावलं."

"तुम्हाला कसं कळलं?"

"आइकते तो मानूस सास रोखते. हे तं बोलूनच राह्यले होते. याईले आधीच मालूम असते." मग माझ्याकडे नीट बघून विचारलंस, "तू कुठली वो?"

"इथलीच, समुद्रपूरची."

"मंग पुन्यावानी काऊन बोलते?"

मनात म्हटलं, ही बाई फार आगाऊ आहे.

त्याच सुमाराला पोरांना सतत फीडबॅक द्या असं वरून फर्मान आलं. म्हणजे वर्षाच्या शेवटी एकदम नापास करू नका, शिकताना वेळोवेळी काय जमतंय, काय नाही ते सांगत राहा, आणि सांगितलं ते लॉगबुकात लिहा. कल्पना चांगलीच होती. आम्ही तिचं काय केलं, तर लॉगबुकं गोळा करून एका बैठकीत सह्या मारल्या. 'समाधानकारक.' 'सुधारणेस वाव.' मी असा ढीग समोर घेऊन बसले होते तेव्हा तू औषध घ्यायला आलीस आणि टेबलाशी उभी राहिलीस.

"काय करून राह्यली?"

"पोरांना कसं जमतंय ते लिहिते आहे."

"त्याईले सांगितलं का?"

"वाचतील की."

"कवा?"

"सहामाहीला परत मिळतात वह्या."

तू हसलीस. दात नसलेल्या बाजूनं हसायचीस तेव्हा फार खट्याळ दिसायचीस. "भाजी खारट झाली तं जेवतानाच सांगा लागते ना वो. दिवाळीत सांगून काय फायदा? तवाच सांगा लागते. तोंडावर. पन चारचौघात नाई."

मी चिडले होते, हे तुला दिसलंच असेल. मला चिडायला फार लागत नाही. पण त्या रात्री घरी पोळ्या लाटताना तुझं बोलणं डोक्यातून जाईना, आणि पुढच्या गुरुवारी मी तुला विचारलं, "तू सांगशील का पोरांना?" 'तुम्ही'वरून 'तू'वर मी त्याच दिवशी आले. तू दर तीन आठवड्यांनी गुरुवारी सुई घ्यायला यायचीसच. पुढे पुढे सुई नसली तरी पवनारहून बस धरून येऊ लागलीस. चार पोरं, एकेक जण आत, पडदा ओढलेला. त्यानं तुला तपासायचं, तू त्याला सांगायचं. मी स्टुलावर बसायचं, तोंड बंद ठेवून. ती तुझी अट होती. "तू मंधात बोलू नको."

काय काय सांगायचीस! "तुहे हात थंडे आहे. चोळ, अन् मंग लाव." "तू माह्याकडे पाह्यलंच नाई, कागदाकडे पाह्यलं." "तू त्या पोरीसंग इंग्रजीत बोलला अन् मान हलवली. मले वाटलं, मी आता मरतो." आणि एखादा जमला की त्यालाही तिथंच सांगायचीस, "तू मले उठताना हात देल्ला. असंच करत जाजो." आमच्या विभागप्रमुखांनी एकदा कपाळाला आठ्या घातल्या, "आता पेशंट मार्क देणार का?" तू म्हणालीस, "मार्क तुमचे तुमच्यापाशी ठेवा, साहेब. मी नुसतं सांगतो."

या 'सांगतो'वरून रेवतीची आठवण आलीच. रेवती कोल्हापूरची, तेव्हा दुसऱ्या वर्षाला. हुशार, भित्री, अक्षर मोत्यासारखं. तिनं तुझी पहिली केस लिहिली त्यात एक ओळ होती: 'रुग्ण स्त्री असून स्वतःबद्दल मी येतो, मी जातो असे बोलते. भ्रम आहे का?' मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. माझी आई जन्मभर 'मी येतो' म्हणत आली, आपल्याकडच्या सगळ्या बायका म्हणतात. तुला वाचून दाखवलं तर तू म्हणालीस, "बापा! मंग या जिल्ह्यातल्या साऱ्या बाया भरती करा लागन."

पण त्याच कागदावरच्या दुसऱ्या ओळीकडे माझंही लक्ष गेलं नाही. 'आहार: रोज सांबार.' आणि खाली सल्ला: 'सांबार पूर्ण बंद.' हृदयाच्या पेशंटनं मीठ कमी खायचं, एवढं बरोबरच होतं. इडलीसोबतचं सांबार खारट असतं, हेही बरोबर. चूक इतकीच की आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. आणि तू तर बाजारात कोथिंबीरच विकायचीस.

तीन आठवड्यांनी रेवतीची पाळी पुन्हा आली तेव्हा पडद्याआड तू तिला विचारलंस, "पोरी, सांबारानं काय होते वो? तीन हप्ते भाजीले चव नाई राह्यली. मी दुसऱ्याईले विकतो, त्याईले काई होत तं नाई ना?"

रेवती गोंधळली. "म्हणजे... इडलीबरोबर खाता ना तुम्ही?"

"इडली? ते कायले खाऊ मी?"

तू पिशवीतून कोथिंबिरीची जुडी काढून दाखवलीस, मग तिला कळलं आणि ती रडायलाच लागली. मी तोंड उघडणार होते, तू हातानं गप्प बसवलंस. "रडू नको. तू सांगितलं, मी आइकलं. तू इचारलं नाई का सांबार म्हंजे काय. अन् मीबी इचारलं नाई का काऊन बंद करू. मी हाव म्हटलं. एक ध्यानात ठेव, आमी डाक्टरले हाव म्हनतोच. हाव म्हंजे समजलं, असं नाई. हाव म्हंजे, तू बोलून घे."

त्या दिवसापासून रेवती पेशंटला 'समजलं का?' असं विचारायची बंद झाली. 'घरी जाऊन काय कराल, मला सांगा' असं विचारू लागली. मी ते पाहिलं, लॉगबुकात लिहिलं, दुसऱ्या पोरांना कौतुकानं सांगितलंही. स्वतः मात्र केलं नाही. मला वाटायचं, हे शिकणाऱ्यांसाठी आहे.

आपला वाद एकच. वर्षातून दोन-तीनदा मी तो काढायची. "माय, छोटंसं ऑपरेशन आहे. नागपूरला. दोन दिवसांत घरी." तू म्हणायचीस, "पाहू." एकदा मी आवाज चढवला, "पाहू पाहू काय? झडप कडक झाली की मग काही करता येणार नाही!" तू शांतपणे विचारलंस, "तुही पोरगी कितवीत गेली आता?" मी दार आपटून निघून गेले. पुढच्या गुरुवारी तू माझ्यासाठी मेथीच्या दोन जुड्या आणल्यास आणि विषय संपला.

आता जे तुला कधीच सांगितलं नाही ते. एकदा स्टाफरूममध्ये चहा चालला होता. मी म्हटलं, शेवंताबाई ऐकतच नाहीत ऑपरेशनचं. एक सहकारी बिस्कीट बुडवत म्हणाला, "बरंच आहे की. झडप मोकळी झाली तर परीक्षेला केस कुठून आणायची?" सगळे हसले. मीही हसले, माय. मनापासून हसले. आणि त्यानंतर दर वेळी तू 'पाहू' म्हणालीस की मला वाईट वाटायचं, आणि त्याच्या मागोमाग, अगदी पुसट, बरंही वाटायचं. त्या 'बरं'ची मला इतकी लाज होती की मी तुला पुढचं काही विचारायचीच नाही. सांगायचं ते सांगायची आणि निघायची. विचारलं असतं आणि तू 'तुमच्यासाठीच' म्हणाली असतीस, तर मी कुठं तोंड लपवलं असतं?

महिन्याभरापूर्वी तुला उचलून आणलं. पायांना सूज, आडवं पडवत नव्हतं, दोन शब्द बोलून धाप. औषधांनी पाणी उतरलं, चार दिवसांत तू बोलू लागलीस, वॉर्डातल्या सिस्टरला पलंगाचं कुरकुरणं दुरुस्त करायला लावलंस. पण हृदयाच्या सोनोग्राफीत झडप दगडासारखी दिसत होती आणि हृदय थकलं होतं. आता छाती उघडून झडप बदलणं एवढाच मार्ग उरला होता, आणि त्यातूनही तू उठशील याची खात्री नव्हती. मी ठरवलं, नागपूर. फोन केले, बेड मिळवला, चिठ्ठी लिहिली, तुझ्या पलंगाशी येऊन सांगितलं, "माय, सोमवारी नागपूर. गाडी सांगितली आहे. ठीक?"

तू म्हणालीस, "हाव."

मी वळले. रेवती मागे उभी होती. आता ती इंटर्न, त्याच वॉर्डात ड्युटीला. म्हणाली, "मॅडम, एक सांगायचं आहे. आत्ताच." आणि मला चादरींच्या कपाटापाशी बाजूला घेऊन गेली. "तुम्ही मायला विचारलं नाहीत. तुम्ही सांगितलं. आणि ती हाव म्हणाली."

मी भडकले. "तू मला शिकवणार आता?" आवाज एवढा चढला की सिस्टरनं मान वळवली. रेवतीचा चेहरा लाल झाला. पण ती जागची हलली नाही. मी माझ्या खोलीत गेले, चहा परत पाठवला, दोन तास केसपेपर उलटत बसले. पोरगी चुकली असती तर मी पाच मिनिटांत विसरले असते. ती चुकली नव्हती, म्हणून राग जाईना.

चार वाजता तुझ्याकडे आले. स्टूल ओढलं. आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा तुझ्याशी माझ्या आईच्या बोलीत बोलले, "माय, ऑपरेशन काऊन नाई केलं वो तू?"

तू उशीला टेकून सावरून बसलीस. मग म्हणालीस, "माही लहान बहीन होती. यशोदा. बाळंतपनाले नेली तिले. डाक्टर म्हने, छोटंसं ऑपरेशन आहे. बेसुद केली. उठलीच नाई." पुढं म्हणालीस, "मले मराचं भेव नाई. बेसुदीचं आहे. आपन मेलो का जित्ते, हेबी मालूम नाई पडत."

"कधी सांगितलं नाहीस!"

"कोनी इचारलं?"

मग मी तो प्रश्न विचारला. जीव गोळा करून विचारला. "आमच्यासाठी नाही ना राहिलीस तू? पोरांना तो आवाज ऐकता यावा म्हणून?"

तू माझ्याकडे पाहिलंस आणि हसायला लागलीस. हसता हसता खोकला आला, शेजारच्या पलंगापासून रेवती पाठ धरायला धावली, तरी हसतच होतीस. "तुमच्यासाठी? अवं, पोराईले आवाज आइकू यावा म्हनून मी मरू? येडी झाली का तू? पोरं दुसऱ्याची छाती आइकतीन!"

इतकी वर्षं जे ओझं उराशी घेऊन मी हिंडले ते तू असं झटकून टाकलंस. क्षणभर मला अपमानच वाटला, खरं सांगते. मग इतकं हलकं वाटलं की मीही हसले. रेवती आम्हा दोघींकडे बघत राहिली.

पण हसू ओसरलं आणि मला दुसरं काहीतरी दिसलं. दहा-बारा वर्षांपूर्वी तुझी झडप मऊ होती. तेव्हा जे करायचं होतं त्यात बेशुद्ध करावंच लागलं नसतं. मांडीची जागा बधिर करून शिरेतून तार घालतात, तिच्या टोकाला फुगा असतो, तो फुगवून झडप उघडतात. पेशंट जागा असतो, डॉक्टरशी बोलतो. हे मी तुला कधी सांगितलंच नाही. फुगा वगैरे तुला कशाला, असं वाटलं. सोपं करून सांगावं म्हणून मी म्हणत राहिले, 'छोटंसं ऑपरेशन'. नेमके यशोदाच्या डॉक्टरचे शब्द.

सांगू की नको? सांगून आता तुझ्या हाती काय येणार होतं? पण तूच शिकवलं होतंस, तवाच सांगा लागते. सांगितलं. सगळं.

तू ऐकून घेतलंस. "जागी राह्यलो असतो मी?"

"हो."

"मंग तसं सांगा लागत होतं ना वो, बाई." रागानं नाही बोललीस. खारट भाजीबद्दल बोलावं तसं. "आता होते का तसं?"

"नाही. आता झडप फार कडक झाली."

"मंग घरी ने."

त्या वेळी मी फक्त तुझा हात धरला. आता इतक्या दिवसांनी कळतं की मी त्या दुपारी एका गुन्ह्यातून सुटले आणि एका चुकीत सापडले. तरी मला हलकं वाटत होतं. तू माझ्यासाठी मेलीस, या गुन्ह्याचं मी काहीच करू शकले नसते. मी विचारलं नाही, या चुकीचं काहीतरी करता येतं. उद्या सकाळीच करता येतं. चुकीची बोचणी राहीलच, आणि राहावी. तिच्यासोबत मला जगता येतं.

नागपूरची गाडी रद्द केली. रेवतीनं संगीताला सगळं शिकवलं: सूज वाढली तर कुठली गोळी, पाठीशी उशा कशा रचायच्या, दम वाढला तर काय द्यायचं, कुणाला फोन करायचा. आणि प्रत्येक गोष्ट तिच्याकडून उलट म्हणवून घेतली. रेवती दिवसाआड स्कूटीनं पवनारला यायची, मी तीनदा आले. तिसऱ्या वेळी तू ओसरीत खाटेवर टेकून बसली होतीस. मी पट्टा काढून बीपी घ्यायला लागले तर म्हणालीस, "आता कायले मोजून राह्यली? बस." बसले. मी स्टाफरूमचं सांगणार होते. शब्द ओठांवर होते. तेवढ्यात तूच विचारलंस, "त्या पोरीले शाबासकी देल्ली का?"

दिली नव्हती. ओरडले होते, त्याबद्दल माफीही मागितली नव्हती. तुझ्या अंगणातूनच तिला फोन लावला. म्हटलं, "तू बरोबर होतीस. मी चुकले. आणि ओरडले, ही दुसरी चूक." पलीकडे ती रडायला लागली. तुला सांगितलं, तर तू म्हणालीस, "लयच रडकी आहे थे. पन माह्या घरी कोनी आजारी पडलं तं तिलेच बोलवजो." तुझ्याकडून एखाद्या डॉक्टरला इतका मोठा शेरा मिळालेला मी ऐकला नव्हता. तो मी तिच्या लॉगबुकात जशाचा तसा लिहिला, तुझ्या नावासकट.

स्टाफरूमचं मात्र राहून गेलं. ते आज लिहिलं. तू असतीस तर काय म्हणाली असतीस ते मला नेमकं सांगता येत नाही, आणि तुझ्या तोंडी मी शब्द घालणार नाही. तुझे आभारही कधी मानले नाहीत. मानले असते तर तू ऐकून घेतलं नसतंस, तेही तसंच राहू दे.

काल गुरुवार होता. कारंजा घाडग्याहून एक बाई आली. पस्तिशीची, हायवेवर नवऱ्याबरोबर ढाबा चालवते, भट्टीपाशी उभं राहिलं की दम लागतो म्हणून आली. तपासलं. तुझीच झडप, पण अजून मऊ. भोवती सहा पोरं उभी. मी बोलायला सुरुवात केली, "हे पाहा, छोटंसं..." आणि थांबले. पोरांना बाहेर पाठवलं, एकीला ठेवलं. विचारलं, "ऑपरेशन म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं काय येतं?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. मी वाट पाहिली. मग ती म्हणाली, "पोट फाडते. सासऱ्याचं फाडलं होतं. मंग ते कामाचे राह्यलेच नाई. ढाबा कोन पाह्यन मॅडम?"

कागदाच्या पाठीवर चित्र काढलं. शीर, तार, फुगा. जागं राहणं सांगितलं. मग म्हटलं, "आता घरी सासूबाईंना काय सांगाल, ते मला सांगा." तिनं बोट ठेवून ठेवून सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "मंग फुगा आतच राह्यन, जनमभर." मी 'समजलं का' विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती, आणि तो फुगा छातीत घेऊन घरी गेली असती. तिथल्या तिथं सांगितलं, की फुगा बाहेर काढतात, आत काही ठेवत नाहीत. तिनं चित्र नवऱ्यापुढे सरकवलं. नवऱ्याला म्हणाली, "मी जागीच राहीन म्हनते." मग माझ्याकडे वळली आणि तारीख विचारली, माय.